माझ्या नावानं शकूच्या दंडात

परदेशी जायच्या आधी जी सुई मला टोचून घ्यायची होती, तिच्यासाठी मी माझ्या जागी माझ्या धाकट्या बहिणीला बसवलं. — हसलात ना? हसा, हसा. मूर्खपणाच तो. पण इतक्या वर्षांत एवढंसुद्धा मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि नातवंडांना तर मुळीच नाही. त्यांना कळलं असतं तर रोज संध्याकाळी आजी सुईला घाबरून कशी पळाली त्याची नक्कल झाली असती, आणि ती चुकीची करतात म्हणून मीच उठून करून दाखवली असती.

पण हा झाला वरचा थर. खाली आणखी एक आहे, आणि तिथे हसू नाही. ते लिहून सांगायला म्हणून वही घेऊन बसलेय, आणि बघा — आधी चहा टाकावा का, असं मनात येतंय.

शकू पलीकडच्या खोलीत आहे. तिला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून टीव्ही मोठा लावते. तिचा चष्मा मी घेऊन बसलेय. म्हणजे तासभर तरी ती इकडे काय चाललंय ते वाचायला येणार नाही. म्हातारपणीही माझे धंदे हे असले!

आधी त्या मंदाची ओळख करून देते. मंदा म्हणजे मीच, पण तेव्हाची. पंचविशीतली, सातवी पास, आणि तोंडानं अशी की नळावर भांडण लागलं की बाया तिला हाक मारून बोलवून घ्यायच्या. चाळीत साप निघाला की पुरुष खाटेवर आणि मंदा काठी घेऊन खाली. आणि हीच मंदा सुई दिसली की गार. आमचं माहेर पडघ्याच्या आतल्या अंगाला. लहानपणी गावात देवी टोचणारा माणूस आला की मी खळ्यावरच्या पेंढ्याच्या उडवीत शिरायची. एकदा आत विंचू चावला, तरी आवाज काढला नाही. विंचू परवडला! शकू माझ्याहून लहान, ती दंड पुढे करायची आणि वर त्या माणसाला विचारायची, "दुसऱ्या हातावर पन टोचनार का?"

आम्ही सख्ख्या बहिणी, आणि पुढे सख्ख्या जावाही झालो. दोघा भावांना दिलं आम्हाला. दोन्ही लग्नं गावच्या विहारापुढच्या मांडवात, थोडी मागेपुढे. सासर भिवंडीत, चाळीतल्या दोन खोल्या, आणि भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना. दिवसभर लूमचा खडखडाट. ताटातली आमटीसुद्धा थरथरायची. माहेरी गेलं की शांततेनं झोप यायची नाही, असल्या आम्ही.

माझा नवरा जॉबर होता — लूम बंद पडला की हात घालून तो चालू करून देणारा. त्याच्या हाताला गुण होता म्हणतात. नायजेरियात कानो नावाच्या गावी कापडाची मिल होती, तिथे त्याला कामाला नेलं. वर्षभर तो एकटा राहिला. मग त्याचा निरोप आला, की खोली मिळाली आहे, तूही ये.

मी चाळभर मिरवले. विमानात बसणार म्हणून दोन पातळं घेतली. आणि मग मुंबईच्या एजंटानं सांगितलं, की पिवळ्या तापाची लस घ्यावी लागेल. त्याशिवाय तिकडचे लोक आत घेत नाहीत, आणि परत येताना आपलेच लोक विमानतळावरून उचलून वेगळं कोंडून ठेवतात. सुई घेतल्याचं छोटं पिवळं पुस्तक मिळतं, ते पासपोर्टाबरोबर बाळगायचं.

त्या दिवसापासून मंदा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायला लागली. चाळीत तर काय, प्रत्येकजण डॉक्टर. कुणी म्हणालं, ती सुई घोड्याची असते. कुणी म्हणालं, दंड सुजून दुधी भोपळ्याएवढा होतो. समोरच्या खोलीतल्या आजीनं तर सांगितलं की पिवळ्या तापाची लस म्हणजे माणूस आठवडाभर पिवळा पडतो, मग उतरतं. मी ऐकत होते आणि वरून म्हणत होते, "हॅट, आपन न्हाय घाबरत!"

मग बदलीची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली? — माझ्याच. दुसऱ्या कुणाचं डोकं इतकं चालतं?

बदली म्हणजे काय, ते भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. एखाद्या कारीगराला शिफ्टला यायला जमलं नाही की तो आपल्या जागी दुसऱ्याला पाठवतो. नाव याचंच राहतं, लूमवर हात त्याचा. शेठला कापडाशी मतलब. आमच्याकडे सगळंच असं चालायचं. रेशनच्या रांगेत बदली, नळावर बदली, मयताला जायला जमलं नाही तर घरातलं कुणी बदली. मग सुईला बदली का नाही? दंडावर काय नाव लिहिलेलं असतं? शकूचा आणि माझा चेहरा एका साच्यातला. पासपोर्टच्या फोटोत तर मी अशी भेदरून बसले होते की ती मी आहे, शकू आहे की आमची आई, काही सांगता आलं नसतं.

शकूला विचारलं. ती खो खो हसली. म्हणाली, "एवढंच? चल की. मुंबई तरी बघून होईल." सासूबाईंना सांगितलं, मंदाची सुई आहे, सोबतीला शकू जाते. आम्ही त्यांना आये म्हणायचो. आये म्हणाल्या, "जा, पन सांजच्याला भाकऱ्या टाकायला घरात पायजे."

कोऱ्या कापडाचे तागे घेऊन रोज टेम्पो मुंबईला जायचा. तो चालवणारे रफीकभाई आमच्या कारखान्याचे जुने माणूस. त्यांनी आम्हाला पुढे बसवून घेतलं. "दोनो भाभी आज बाजार लूटने निकले क्या?" म्हणाले. काल्हेरला तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती, गोडाऊनं नंतर आली. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. कशेळीचा पूल आला आणि शकूनं रफीकभाईंना टेम्पो थांबवायला लावलं. उतरली आणि कठड्याला धरून ओकली.

मी पाणी दिलं, पाठ चोळली. म्हटलं, "डिझेलच्या वासानं झालं असंल." ती पदरानं तोंड पुसत माझ्या कानाशी आली.

"ताई, डिझेल न्हाय. मला वाटतं, दिवस गेलेत. यांनाबी सांगितलं न्हाय. तिसरा लागेपरेंत बोलायचं नसतं. तू कुनाला बोलू नको हां."

किती वर्षं वाट बघत होती ती. दर महिन्याला आये तिच्या तोंडाकडे बघायच्या, आणि ती नजर चुकवून भांडी घासायला बसायची. मला मूल नव्हतं त्याचं कुणी काही बोलत नसे. माझा नवरा निदान परदेशात होता, तेवढी पळवाट होती. तिला कुठली?

मी तिचा हात दाबला. खरंच आनंद झाला मला. मत्सर वाटला का, असं तुम्ही विचाराल. मीही मला पुष्कळदा विचारलं आहे. तेव्हा वाटला नव्हता. मत्सर असता तर हे सांगायला सोपं गेलं असतं, इतकंच म्हणते.

आणि पोटाचा आणि त्या सुईचा काही संबंध असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शप्पथ. टेम्पोत बसेपर्यंत नव्हतं, मुंबईत उतरेपर्यंतही नव्हतं.

मग कळलं.

ती जागा सरकारी. लांब खोली, भिंतीला बाकं, मध्ये पडदा नाही की काही नाही. ती लस म्हणे एकदा फोडली की लगेच संपवावी लागते, म्हणून पुरेशी माणसं जमेपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवायचे. जहाजावरचे खलाशी होते, कोटातला एक शिकायला निघालेला मुलगा होता, अंगभर शाल गुंडाळलेल्या एक गुजराती बाई होत्या. डॉक्टर म्हातारे, मराठी, आवाज मास्तरचा. माणसं जमल्यावर त्यांनी उभं राहून सगळ्यांना मिळूनच सांगितलं — पाणी उकळून प्या, बर्फ घालून काही घेऊ नका, कापलेली फळं खाऊ नका, मच्छरदाणी लावा, हिवतापाची गोळी ठरल्या वारी घ्या, निघायच्या आधीपासून सुरू करा आणि परत आल्यावर लगेच सोडू नका. "परत आलो, आता काय, असं म्हणणारेच घरी येऊन तापानं फणफणतात," म्हणाले. मी माना डोलावत होते. सल्ला ऐकायला मला कधीच भीती वाटली नाही.

मग एकेकाला नावानं बोलावून स्टुलावर बसवायला लागले. माझं नाव पुकारलं. शकू उठली. मी दाराजवळच्या बाकावर, सोबतीला आलेली बाई म्हणून बसले.

नर्सनं तिचा दंड पुसला. डॉक्टरांनी विचारलं, अंडं खाता का, खाल्ल्यावर अंगावर काही उठतं का. शकू म्हणाली, खाते, काही नाही होत. मग ते म्हणाले — आणि मला त्यांचा शब्द न् शब्द आठवतो, आठवू नये म्हणून मी काय काय केलंय —

"दिवस गेलेत का, बाई? पाळी चुकली आहे का? तसं असेल तर लाजू नका, सांगा. ही लस मी आज देणार नाही. वेगळा कागद करून देता येतो."

शकूनं मान वळवली. सगळ्या खोलीवरून तिची नजर माझ्याकडे आली. ती विचारत होती. तिला काही कळत नव्हतं असं नाही. ती माझ्याहून हुशार. पण तिथे ती शकू नव्हती. मंदा होती. मंदाच्या वतीनं काय उत्तर द्यायचं, ते मंदानं सांगायला हवं. बदलीवर गेलेला कारीगर कधी आपल्या मनानं बोलतो का?

आता ऐका, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं. शकूचं पोट आलं का? तिनं वाट बघितलेली वर्षं आली का? काही नाही. डोक्यात आलं ते असं — ही हो म्हणाली, तर माझ्या नावावर लिहिलं जाईल की मंदाला दिवस गेलेत. आणि मंदाचा नवरा वर्षभर नायजेरियात! एजंट बघणार, एजंट नवऱ्याला सांगणार, कानोतल्या सगळ्या जॉबरांना कळणार. चाळीत कळणार. आये माझ्या झिंज्या धरून बाहेर काढणार. एका बाजूला माझी अब्रू, दुसऱ्या बाजूला उठून खरं बोलणं — "डॉक्टर, ती मंदा नाही, मंदा मी" — आणि मग मला त्या स्टुलावर बसावं लागलं असतं. ते लोखंडी स्टूल. तो कापसाचा बोळा. तेही डोक्यात आलं, लपवत नाही. अब्रू आधी आली की सुई आधी आली, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मान हलवायला कितीसा वेळ लागतो?

मी हलवली. नाही.

शकू डॉक्टरांकडे वळली आणि म्हणाली, "न्हाय."

झालं. एवढंच आहे ते. मी कित्येक वर्षं हे वाक्य तोंडात धरून होते, आणि बाहेर आलं तर किती छोटं आहे बघा.

परतताना मी तिला फालुदा खाऊ घातला. मोठा ग्लास. ती म्हणाली, "ताई, आज लईच लाड." मी उगाच बडबडत होते, रफीकभाईंशी, रस्त्यावरच्या दुकानांबद्दल, विमानात म्हणे जेवायला काय देतात त्याबद्दल. डॉक्टर काय म्हणाले त्याबद्दल ती बोलली नाही आणि मी बोलले नाही. आमच्या तिघांच्या मध्ये टेम्पोचा गिअर होता. तो पडला की ती पोटावर हात धरायची.

त्या दिवसापासून भीती सुरू झाली. सुईची भीती ही काही भीती नव्हे, हे मला तेव्हा कळलं. शकूला थोडी कणकण आली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की ती येते आणि जाते. गेलीसुद्धा. पण मी तिच्यावर नजर ठेवून. ती वाकली की मी हातातलं टाकून पुढे. मोरीत जास्त वेळ लागला की मी दाराशी उभी. "शके, काय झालं?" — "काय न्हाय गं, केस धुते!" मी तिच्या हातातून हंडे काढून घ्यायची, कपडे मी धुवायची. आयेंना वाटलं, मी जाणार म्हणून बहिणीवर माया उतू चालली आहे. त्या शेजारणीला सांगत होत्या, "सूनबाई निघाली म्हनून गोड झाली."

महिना भरायच्या आत तिचं पोट पडलं.

सकाळची वेळ होती. मी तांदळाची भाकरी थापत होते. ती मोरीतून आली, भिंतीला धरून खाली बसली, आणि हळू आवाजात "ताई" म्हणाली. लूमच्या आवाजात मला ते ऐकू आलं. ऐकू यायलाच नको होतं असं वाटलं, इतकं स्पष्ट आलं.

मी तिला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आये सोबत. बाईंनी तपासलं, सगळं केलं, आणि विचारलं, "काही गोळी, औषध, इंजेक्शन घेतलं होतं का मधे?" मी तिथेच होते. खाटेच्या पायथ्याशी. तोंड उघडलं असतं तर आवाज पोचला असता.

शकू म्हणाली, "न्हाय."

या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

आयेंना पोट असल्याचंच पहिल्यांदा कळलेलं, ते गेल्याबरोबर. त्यांचा संताप बोलून दाखवायला त्यांना काहीतरी हवं होतं, आणि त्यांना टेम्पो मिळाला. "खड्ड्याखड्ड्यातून हादरे खात गेली मुंबई बघायला! पोटात पोर असताना कोन भटकतं? लेकरू ठेवायची अक्कल न्हाय हिला, वर्सं वर्सं वाट बघितली आन् घालवलं फालुदा खायला!" फालुद्याचं त्यांना मीच सांगितलं होतं, आल्या दिवशी, कौतुकानं. शेजारणी येऊन बसायच्या, त्यांच्यापुढे पुन्हा तेच. दीर, म्हणजे तिचा नवरा, तर तिच्याशी बोलायचाच बंद झाला. शकू भिंतीकडे तोंड करून पडलेली. आणि मी? मी भाजी चिरत होते. ती नळावरची तलवार, ती सापाला मारणारी मंदा — भाजी चिरत होती. एकदाच म्हणाले, "आये, राहू द्या आता." त्या म्हणाल्या, "तू गप. तू तिची बाजू घेनारच." — मी तिची बाजू घेतली म्हणे!

दुसऱ्या महिन्यात असं कितीतरी बायकांचं होतं, सुई न घेताही होतं. हे मला माहीत आहे. पुढे तर मी हे पुष्कळ ऐकलं, वाचलंही. कदाचित ते तसंच गेलं असतं. कदाचित नसतं. कुणाला तरी विचारलं असतं तर निदान काही कळलं असतं. पण विचारणार कशी? विचारायचं म्हणजे आधी सांगायचं.

मी गेले. विमानात बसले. शकू विमानतळावर आली नाही, पण लाडू बांधून दिले होते.

कानोत उतरल्यावर अधिकाऱ्यानं ते पिवळं पुस्तक हातात घेतलं तेव्हा माझ्या पातळाच्या निऱ्यांना घाम फुटला होता. त्यानं शिक्का बघितला आणि हसून परत दिलं. मग राहिले मी आणि तिथले डास. नवऱ्याला वाटे, बायकोला लस टोचलेली आहे, गोळ्या चालू आहेत, काळजी कसली. मी मात्र दिवसाढवळ्या मच्छरदाणीत. भाजी निवडायची ती मच्छरदाणीत, पोलकं शिवायचं ते मच्छरदाणीत. तिथल्या बायका खिडकीतून बघून हसायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, लोक म्हणतील मी बायको पिंजऱ्यात ठेवलीय." मी म्हणायची, "म्हणू देत."

आणि एकदा ताप आलाच. थंडी वाजून, दात वाजून. मिलच्या दवाखान्यातला डॉक्टर आला. नवरा त्याला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत होता, "पिवळ्या तापाची सुई घेतलीय हिनं, तो नसणार." डॉक्टरनं मान डोलावली आणि तो विचार सोडून दिला. मी खाटेवर पडून ऐकत होते. मी मरणार असं मला वाटलं. आणि तरी मी बोलले नाही! डॉक्टर गेल्यावर मी नवऱ्याकडे आरसा मागितला, डोळे पिवळे झालेत का बघायला. नवरा म्हणाला, "या तापात हिला नटायचं सुचतंय." तो हिवताप निघाला. एका ठरल्या वाराला मी गोळी विसरले होते. बरी झाले. बरी झाले तेव्हा मला आनंद झाला का? — झाला. फार झाला. त्याचीही लाज वाटते.

मी परत आले तेव्हा माझ्या कडेवर मुलगी होती. शकूनं तिला माझ्या हातातून घेतलं आणि दिवसभर दिली नाही. पुढे तिलाही मुलगा झाला. आयेंनी चाळीत पेढे वाटले, टेम्पोचं नाव काढलं नाही. सगळ्यांना वाटलं, झालं गेलं संपलं. आम्ही दोघी एकत्र पापड लाटायचो, एकत्र भांडायचो, एकमेकींच्या मुलांना धपाटे घालायचो. फक्त मुंबईचा विषय निघाला की एकीला गॅसकडे बघायचं असायचं.

मग नव्वद सालानंतर नवऱ्याला पुन्हा तिकडे बोलावणं आलं. त्या सुईची मुदत तेव्हा दहा वर्षांची असायची. माझी, म्हणजे शकूच्या दंडातली, संपली होती. मी घरात जाहीर केलं, मी उद्या जाऊन घेऊन येते. शकू म्हणाली, "मी येते सोबत." मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "येते म्हटलं ना."

जागा तीच, पण आता पडदे होते. या वेळी माझं नाव पुकारलं आणि मी उठले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं अंड्याचं विचारलं, आजारांचं विचारलं, मग म्हणाली, "प्रेग्नन्सी नाही ना, मावशी?" मी नाही म्हटलं, आणि या वेळी ते खरं होतं.

तिनं सुई टोचली.

लाल मुंगी चावावी तसं झालं. तेवढंच. मी दंडाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "झाली?" ती म्हणाली, "झाली की." माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ती बिचारी म्हणाली, "मावशी, इतकं दुखलं का?" काय सांगणार तिला? दुखलं असतं तर बरं झालं असतं. एवढ्याशासाठी — एवढ्याशासाठी मी —

आणि तेव्हा मला वाटलं, आता विचारावं. नाव न घेता विचारता येईल. हिला आम्ही कोण, काय माहीत? इतकी वर्षं जे गळ्यात अडकलंय ते आत्ता एका वाक्यात सुटेल, असं किंवा तसं. मी बोळा दंडावर दाबून धरला आणि म्हटलं, "डॉक्टर, एक विचारू? समजा एखाद्या बाईनं पोटात असताना ही —"

पडद्याच्या कडेनं शकूचा हात आला. तिनं माझं मनगट धरलं. असं धरलं की दुसऱ्या दिवशीही तिथे निळं होतं; दंडावर मात्र काहीच नव्हतं. "चल ताई," म्हणाली, "उशीर झाला." आणि डॉक्टरणीला हसून नमस्कार करून तिनं मला ओढत जिन्याखाली आणलं.

रस्त्यावर गर्दी होती. ती थांबली. तिनं माझा पदर नीट केला, जसा लहान मुलीचा करतात. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी तिच्या चपलांकडे बघत होते. त्यानंतर मी कुणालाही विचारलं नाही. आजवर नाही. तिथे उभी राहून ती म्हणाली —

"ताई, तू विचारलंस तर ते सांगतील. मंग मला तुझ्याशी बोलनं सोडावं लागंल. आन् मला बोलायला दुसरं कोन हाय?"